पोच घेतल्याशिवाय परतायचं नाही

आपल्या शाळांत आरोग्याचं कुठलंही काम निघालं की मुलं हाताशी असतात. जंतनाशक दिनाच्या निमित्तानं प्रभातफेरी निघते, हात धुण्याच्या पायऱ्यांचं भित्तिपत्रक मुलांकडून रंगवून घेतलं जातं, तपासणीचं पथक आलं की वरच्या वर्गातली मुलं धाकट्यांच्या रांगा लावतात. यात वावगं काही नाही. पण हे सगळं निरोप्याचं काम आहे. मोठ्यांनी ठरवलेला निरोप मुलांच्या तोंडून घरोघरी जातो. मुलांकडचा निरोप मोठ्यांपर्यंत यायला मात्र वाट नसते. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटली आहे, गेल्या वर्षी ‘चष्मा लागेल’ असं लिहून दिलेल्या मुलाला अजून चष्मा मिळालेला नाही, समुपदेशक नावाची व्यक्ती शाळेत कुणी पाहिलेली नाही, हे सगळं मुलांना ठाऊक असतं. मधल्या सुट्टीत त्यावर बोलणंही होतं. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्यापर्यंत ते कसं न्यायचं, एवढंच त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

आणि ते शिकवता येतं. त्यात वक्तृत्वापेक्षा वही जास्त लागते, आणि धिटाईपेक्षा चिकाटी. आठवी ते दहावीच्या मुलामुलींना हे कसब नक्कीच जमतं. अडतं ते बहुतेक वेळा मोठ्यांच्या तयारीपाशी.

सुरुवात करायची ती सरकार आणि शाळा आपलं काय देणं लागतात, हे समजून घेण्यापासून. बहुतेक मुलांना, आणि खरं तर बहुतेक पालकांनाही, ही यादी माहीत नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातून, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हे त्याचं काम. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा फिरतं पथक यायला हवं. पथकात दोन डॉक्टर, त्यांत एक स्त्री आणि एक पुरुष, शिवाय परिचारिका आणि औषधनिर्माता, अशी रचना ठरलेली आहे. दोष सापडला तर पुढच्या रुग्णालयात पाठवणं आणि तिथले उपचार मोफत मिळणं, हाही त्याच कार्यक्रमाचा भाग. ७ जानेवारी २०१४ ला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, १० ते १९ वयोगटासाठी. सरकारी रुग्णालयातलं ‘मैत्री क्लिनिक’ या कार्यक्रमात येतं. आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळीही याच वयाच्या मुलामुलींसाठी असते: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. शिक्षण हक्क कायद्यानं मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी बंधनकारक केलं आहे. आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी ठेवावी.

ही यादी प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी मुलांच्या हातानं मोठ्या कागदावर लिहून घ्यावी. प्रत्येक ओळीपुढे एक रकाना मोकळा ठेवावा: ‘आपल्या शाळेत?’ तो रकाना भरायला मुलं उठतात, तिथून पुढचं काम सुरू होतं.

‘आमच्या शाळेत आरोग्याची सोय नाही’ हे वाक्य खरं असलं तरी त्यावर कुणालाच काही करता येत नाही. ‘मागच्या वर्षीच्या तपासणीत आमच्या शाळेतल्या अकरा मुलांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवायला सांगितलं, त्यांपैकी तिघांनाच चष्मा मिळाला’ हे वाक्य मात्र टेबलावर ठेवलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. हा आकडा मी नमुन्यादाखल घेतला आहे; प्रत्येक शाळेला तो स्वतःचा शोधावा लागतो. तपासणीनंतरचा पाठपुरावा ही या कार्यक्रमातली गळतीची जागा आहे, आणि ती मोजायला मुलांइतकं सोयीचं कुणी नाही. कारण ज्याला फळा दिसत नाही तो त्यांच्याच बाकावर बसतो.

निळ्या गोळीचं उदाहरण जरा जवळून पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयी आढळले. गोळी असूनही ही स्थिती. शाळेच्या नोंदवहीत गोळी ‘दिली’ असं असतं. गिळली का, याची नोंद कुठेच नसते. शिक्षकांनी वर्गात विचारलं तर सगळे हात वर होतात. हाच प्रश्न वर्गातल्याच दोघा-तिघांनी बिननावाच्या चिठ्ठ्या वाटून विचारला तर वेगळं चित्र समोर येतं. कुणी गोळी गालात धरून नळापाशी थुंकते. कुणाला उपाशीपोटी घेतल्यानं मळमळलं, तेव्हापासून ती घेतच नाही. कुणाला शौचाला काळी झाली आणि तो घाबरला. हा लोहाचा साधा परिणाम आहे, त्यात अपाय नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही. कुणाच्या घरी ‘ही गोळी पुढे मुलं होऊ नयेत म्हणून देतात’ अशी कुजबूज पोचलेली असते.

आता या चिठ्ठ्यांमधून मागणी कशी निघते ते बघा. मळमळीच्या तक्रारी जास्त असतील तर गोळी परिपाठाच्या वेळी न देता पोषण आहारानंतर द्यावी, एवढीच मागणी. खर्च शून्य, निर्णय मुख्याध्यापकांच्या अखत्यारीत, बदल पुढच्या सोमवारपासून. घरच्या भीतीची चिठ्ठी जास्त वेळा आली तर आरोग्यसेविकेनं पालकसभेत दहा मिनिटं बोलावं, ही दुसरी मागणी. पहिली मागणी अशीच, हाताच्या अंतरावरची असावी, असं माझं ठाम मत आहे. प्रशिक्षणात उत्साहाच्या भरात मुलं थेट ‘प्रत्येक शाळेत डॉक्टर हवा’ इथून सुरुवात करतात, आणि सहा महिने काहीच हललं नाही की कायमची गप्प होतात. एकदा आपल्या बोलण्यानं वेळापत्रक बदललेलं पाहिलं की तीच मुलं मोठ्या मागणीसाठी वर्षभर टिकून राहतात.

मोजणी आणि मांडणी यांचं एक उत्तम प्रारूप महाराष्ट्रातच घडलेलं आहे. २००७ पासून राज्यातल्या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेनं राज्यपातळीवर तिचा समन्वय केला. गावकऱ्यांनी उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, लसीकरण, औषधं यांची पाहणी करायची आणि प्रगतिपत्रकात हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरायचा. मग जनसुनवाईत ते प्रगतिपत्रक अधिकाऱ्यांपुढे ठेवायचं आणि तिथल्या तिथे उत्तर मागायचं. एरवी शाळा मुलांना प्रगतिपत्रक देते. इथे मुलांनी सेवेला द्यायचं. शाळेसाठी पाच-सहा ओळी पुरतात: पाणी, स्वच्छतागृह, तपासणी आणि पाठपुरावा, गोळी, पाळीच्या वेळची सोय, मनातलं बोलायला माणूस. प्रत्येक रंगामागे कारण लिहिलेलं हवं. लाल रंग भरताना मुलांना मजा येते, म्हणून प्रशिक्षकानं एक नियम करून टाकावा: हिरवा कुठे द्यायचा ते आधी ठरवायचं. जे चांगलं चाललं आहे त्याचं श्रेय आधी दिलं की समोरचे सरही ऐकायच्या मनःस्थितीत येतात, आणि पाहणी खरी आहे हेही दिसतं.

यानंतरचा धडा मुलांना सर्वांत अवघड जातो. निर्णय कुणाच्या हातात आहे? शाळेतली आरोग्यसेवा दोन खात्यांच्या सीमेवर असते. शिक्षणाच्या बाजूनं मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी. आरोग्याच्या बाजूनं प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी. गावात तिसरं दार ग्रामपंचायतीचं, शहरात महापालिकेचं. पथक आलं नाही हे गटशिक्षणाधिकाऱ्यांना सांगून उपयोग नाही, आणि नळाला पाणी नाही याचं वैद्यकीय अधिकारी काही करू शकत नाहीत. चुकीच्या दारावर केलेला अर्ज ‘योग्य कार्यवाहीस्तव’ फिरत राहतो. पैशाची वाटही माहीत हवी. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग बंधित होता. निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. शाळेच्या स्वच्छतागृहासाठी पैसे नाहीत, असं ग्रामपंचायतीत ऐकायला मिळालं तर बंधित निधीचा आराखडा दाखवा म्हणायचं. ग्रामसभा वर्षातून किमान चारदा होते आणि गावाचा आराखडा तिथेच मंजूर होतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा मुलांना तिथे आपली बाजू मांडायला वेळ मिळवून देणं पालकांच्या हातात आहे.

अर्ज लिहिणं शाळेत शिकवतातच. विनंती अर्जाचा नमुना परीक्षेलाही येतो. त्यात फक्त दोन गोष्टींची भर घालायची: मोजलेली माहिती आणि मुदत. आणि अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. पोच घेतल्याशिवाय परतायचं नाही. हे किरकोळ वाटतं, पण पुढची सगळी लढाई त्या शिक्क्यावर चालते. तोंडी सांगितलेलं कुणालाच आठवत नाही.

मग तालीम. मुलांमधलाच एक मुख्याध्यापक होतो, एक डॉक्टर, एक सरपंच, आणि बाकीच्यांनी दोन मिनिटांत आपलं म्हणणं मांडायचं. या भूमिका मुलं इतक्या बेमालूम वठवतात की कोणती उत्तरं मिळणार आहेत ते खोलीतच कळून जातं.

‘मॅडम, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येत नाही. पाळीच्या दिवसांत मुली दुपारनंतर घरी जातात. हजेरीत दिसेल.’

‘अगं, मला माहीत आहे. मी वर कळवलंय. बजेट नाही.’

पहिल्या खेपेला मुली इथेच थांबतात. ‘बरं मॅडम’ म्हणून वळतात. प्रशिक्षकानं खेळ थांबवून विचारायचं, आता काय विचारता आलं असतं? दोन-तीन खेपांनंतर वाक्य सापडतं.

‘कधी कळवलं मॅडम? त्या पत्राचा जावक क्रमांक मिळाला तर आम्हीही आमच्या अर्जात त्याचा संदर्भ देतो.’

यात उद्धटपणा नाही, आणि मुख्याध्यापिकांना एकटं पाडणंही नाही. उलट त्यांच्याच पत्रामागे मुलांचा अर्ज उभा राहतो. आपल्याकडे मोठ्यांसमोर बोलणं म्हणजे उलट बोलणं, असा समज घरापासूनच पक्का होतो, मुलींच्या बाबतीत तर फारच. आदर ठेवून अडून राहता येतं, हे तालमीशिवाय अंगात मुरत नाही.

मुलांनी असं काही केलं आणि कायदा बदलला, असंही घडलेलं आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २०१८ च्या उन्हाळ्यात विद्यार्थी परिषदांच्या नेतृत्व शिबिरात काही मुलांनी एक विषय हाती घेतला. ताप आला तर शाळेत रजा मंजूर होते. मन कोलमडलं तर खोटं कारण सांगावं लागतं. युटा राज्यानं आजाराच्या व्याख्येत मानसिक आजार आणला होता, त्याचा त्यांनी अभ्यास केला, आमदारांना भेटले, समितीपुढे साक्षी दिल्या. जून २०१९ मध्ये राज्यपालांची सही झाली. शारीरिक आजारासारखीच मानसिक आरोग्यासाठीही तीन महिन्यांत पाच दिवसांपर्यंत रजा मंजूर होऊ लागली. या मुलांच्या मागणीत इमारत नव्हती, नवी पदं नव्हती. आधीच असलेल्या तरतुदीत काही शब्दांची भर होती. मागणी इतकी नेमकी करण्यात मोठी कामगिरी आहे, असं मला वाटतं.

लंडनच्या अमिका जॉर्जनं २०१७ मध्ये, सतरा वर्षांची असताना, पॅड परवडत नाहीत म्हणून मुली शाळा बुडवतात ही बातमी वाचून ऑनलाइन अर्ज सुरू केला. त्याच डिसेंबरात पंतप्रधानांच्या निवासासमोर लाल कपड्यांतल्या तरुणाईचं आंदोलन झालं. लक्षात राहतं ते आंदोलन. पण तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी पुढे शिक्षणातल्या समानतेच्या प्रचलित कायद्याचा आधार घेऊन सरकारला कायदेशीर आव्हान देण्याची तयारी केली, ते अधिक शिकण्यासारखं. जानेवारी २०२० पासून इंग्लंडमधल्या शाळा-महाविद्यालयांत पाळीची साधनं मोफत मिळण्याची योजना सुरू झाली.

मुलांना आधी विचारलं नाही तर काय होतं, याचंही उदाहरण अमेरिकेतलंच. १९७३ मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात एका माध्यमिक शाळेत दवाखाना उघडला. सुरुवातीला तिथे गरोदरपण, गुप्तरोग, गर्भनिरोध एवढ्याच सेवा होत्या. मुलं फिरकेनात, कारण त्या दारातून आत जाणारा कशासाठी गेला हे अख्ख्या शाळेला कळायचं. पुढे खेळासाठीची तपासणी, लसीकरण, वजनाचे प्रश्न अशा सेवा जोडल्या, आणि दार सगळ्यांचं झालं. आज अमेरिकेत शाळांशी जोडलेली अशी सुमारे चार हजार आरोग्य केंद्रं आहेत. आपल्या ‘मैत्री क्लिनिक’च्या पाटीखाली ओळखीच्या काकू बसलेल्या असतील, तर पंधरा वर्षांची मुलगी आत जाईल का? पाटी कुठे हवी, वेळ कुठली हवी, रांग कुणासोबत नको, हे ठरवताना तिला विचारल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावागावांत ‘साथिया’ नेमले आहेत, दोन मुली आणि दोन मुलगे, समवयस्कांना माहिती सांगण्यासाठी. त्यांना माहितीबरोबर पाहणीची वही द्यायला हवी. घरोघरी पोचलेले हे तरुण आपल्याकडे तयार आहेत. त्यांच्याकडून वर येणाऱ्या प्रश्नांची नोंद घेणारं कुणी नेमलं तर काम फार पुढे जाईल.

इथे एक धोका स्पष्ट सांगायला हवा. रॉजर हार्ट या अभ्यासकानं १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या तीन पायऱ्यांवर मुलं वापरली जातात, मिरवली जातात किंवा नावापुरती बसवली जातात. तिथे सहभाग नसतोच, असं तो म्हणतो. संस्थेनं लिहून दिलेलं भाषण पाठ करून मंत्र्यांसमोर म्हणणारी मुलगी या तळाशीच असते, भाषण कितीही टाळ्या घेऊन जावो. मागणी कोणती करायची, हे मुलांनी ठरवलं का? एवढ्या एका प्रश्नानं कुठलंही प्रशिक्षण तपासता येतं.

दुसरा धोका अधिक गंभीर. आरोग्याबद्दल बोलताना मुलांच्या स्वतःच्या गोष्टी बाहेर येतात: घरातली मारहाण, स्वतःला इजा करणं, अत्याचार. कुठल्याही मुलाला व्यासपीठावर स्वतःची कहाणी सांगायला लावू नये, श्रोते त्यानं कितीही हेलावत असले तरी. मांडणी मोजलेल्या माहितीवर करावी, नावं कुठेही येऊ नयेत. बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून ‘तू मला काहीही सांग, मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन प्रशिक्षकानं देऊच नये. काय गुप्त राहील आणि काय राहू शकणार नाही, हे पहिल्या दिवशीच सांगावं. १०९८ ही मुलांची आणि १४४१६ ही ‘टेली मानस’ची मदतवाहिनी भिंतीवर लिहिलेली असावी. आणि अर्ज देणाऱ्या मुलांना नंतर प्रात्यक्षिकाच्या गुणांत त्रास होणार नाही, याची हमी पालकांसमक्ष मुख्याध्यापकांकडून घ्यावी. ही भीती मुलं बोलून दाखवत नाहीत, पण ती असते.

दहावी झाली की मुलं शाळा सोडतात, आणि काम तिथेच थांबतं. म्हणून गटात आठवीची मुलं असलीच पाहिजेत. वही त्यांच्या हाती जायला हवी: कोणता अर्ज कुठे दिला, पोच कुठल्या तारखेची, उत्तर काय आलं, पुढची भेट केव्हा. वर्षअखेरीला जाणाऱ्या गटानं येणाऱ्या गटाला तासभर बसून ती वाचून दाखवावी.

मोठ्यांसाठी सर्वांत सोपं काम आता सांगतो. पुढची शाळा व्यवस्थापन समितीची बैठक केव्हा आहे ते विचारा, आणि विषयपत्रिकेवर एक विषय लिहून घ्यायला सांगा: ‘शाळेतल्या आरोग्यसेवेबद्दल विद्यार्थ्यांची पाहणी, सादरीकरण वीस मिनिटं.’ मुलं तिथे येतील तेव्हा त्यांना मध्येच थांबवू नका, ‘छान बोललास’ म्हणून पाठवूनही देऊ नका. त्यांच्या प्रत्येक मागणीपुढे काय करणार, कोण करणार आणि कधीपर्यंत, हे इतिवृत्तात लिहा, आणि त्याची सहीशिक्क्याची एक प्रत मुलांच्या हातात द्या.